मुंबईच्या उकाड्यात धावताना पिशवीत काय असावे? (अनुभव धागा)

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते, पण तिच्यासाठी सराव करणाऱ्यांना मे महिन्याचा आणि ऑक्टोबरचा उकाडा चुकत नाही. मेमध्ये इथला पारा ३४ अंशांच्या आसपास घुटमळतो, आणि विदर्भाच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु समुद्रामुळे हवाच इतकी ओली असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. म्हणून कोरड्या प्रदेशातल्या याद्या इथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. आपण काय बरोबर घेता, काय अनुभवांती सोडून दिले आणि कोणत्या प्रसंगामुळे, हे सविस्तर लिहावे. नुसती खरेदीची यादी नको.

माझ्यापुरते सांगायचे तर, शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सुमारे १.२ किलोमीटरची असल्यामुळे मी बाटली आणि नॅपकिन कट्ट्यावर ठेवतो व दर दोन फेऱ्यांनी दोन घोट घेतो. हातात काहीच धरावे लागत नाही.

चेंबूर, मूळची अकोल्याची

अकोल्यात आम्ही ओला पंचा मानेभोवती गुंडाळून बाहेर पडत असू. तो पाहता पाहता सुकायचा आणि तेवढ्यात मान गार व्हायची. मुंबईत पहिल्याच मे महिन्यात मी तोच उपाय केला, तर तासाभरानंतरही पंचा तितकाच ओला, वर कोमट आणि जड. त्यानंतर मी पंचा सोडला आणि बर्फ धरला. बाटली अर्धी भरून रात्री फ्रीझरमध्ये आडवी ठेवते आणि पहाटे निघताना वर साधे पाणी भरते. शिवाय रुमालात बर्फाचे चार खडे बांधून टोपीखाली ठेवते. वितळताना बर्फ डोक्याची उष्णता ओढून घेतो, हवा कितीही दमट असली तरी. सुती टी-शर्टही तेव्हापासून घरात घालण्यापुरताच उरला आहे, कारण तो घाम शोषून अंगाला चिकटतो आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये खांद्यावर ओझे होतो. पातळ, सैल, पॉलिएस्टरचा बिनबाह्यांचा टी-शर्ट मला मानवला.

गोरेगाव

मी पाण्याच्या अतिरेकाचा अनुभव सांगतो, कारण त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. २१ किलोमीटरच्या सरावात, तहान नसतानाही, मी साडेतीन तासांत चार लिटरच्या आसपास साधे पाणी प्यायलो. घरी पोहोचेपर्यंत बोटातली अंगठी घट्ट झाली होती, डोके ठणकत होते आणि उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी रक्त तपासून सोडियम उतरल्याचे सांगितले. घामावाटे मीठ गेले होते आणि उरलेले मी पाण्याने पातळ करून टाकले होते.

आता धावण्यापूर्वी आणि नंतर, घाम पुसून, कोरड्या अंगाने वजन करतो. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला असे धरावे. वजन उलट वाढले असेल, तर पाणी जास्त झाले. लांबच्या धावेसाठी ओआरएस घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, त्यामुळे एका लिटरसाठी असलेली आख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणे चुकीचे आहे, आणि ही चूक मीही केली आहे. घरी लिटरभर द्रावण करून त्यातले अर्धे बाटलीत भरावे. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच मीठ वाढवावे.

विरार

रविवारी पहाटेची लोकल पकडून मी मरीन ड्राइव्हला येतो, त्यामुळे माझी खरी पिशवी धावणे संपल्यानंतरची असते. घामाने निथळणाऱ्या कपड्यांत चर्चगेटहून विरारपर्यंत बसणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे. कोरडा सदरा, अंतर्वस्त्रे, चपला, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि बुटांत कोंबायला जुने वर्तमानपत्र एवढे घेतोच. वर्तमानपत्राने बूट दुसऱ्या दिवशीपर्यंत बऱ्यापैकी सुकतात. मेगाब्लॉक असेल, तर फलाटावर ताटकळण्यासाठी आणखी अर्धी बाटली.

फोन पूर्वी खिशात ठेवत असे. एकदा शहाळे पिऊन झाल्यावर पैसे देण्यासाठी तो काढला, तर घामाने भिजलेल्या पडद्यावर बोटच चालेना, आणि तो पुसायला अंगावरच्या कपड्यांची कोरडी कडा शोधूनही मिळेना. शहाळेवाले काका म्हणाले, "पुढच्या रविवारी द्या." तेव्हापासून फोन, पास आणि शंभराची एक नोट बंद होणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात असते.

मुलुंड

पेट्रोलियम जेली. काखेत, जांघेत आणि स्पोर्ट्स ब्राच्या शिवणीखाली, निघण्याआधी लावावी; सोलवटल्यावर लावून काही उपयोग नाही, आंघोळीच्या वेळी डोळ्यांतून पाणी येतेच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढाकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना: केळे हातात धरू नये. माझे माकडाने नेले.

ठाणे, वय ६७

माझ्याकडे टोपी, बाटली आणि एक कार्ड एवढेच असते. गॉगल वाफेने धुरकटतो, म्हणून मी तो घेत नाही. सूर्य वर येईपर्यंत मी घरी परतलेला असतो. कार्डाचे कारण असे: ऑक्टोबरमध्ये एका सकाळी भर उकाड्यात माझ्या दंडावर काटा आला आणि थंडी वाजू लागली. ही उष्णता बाधल्याची खूण होती, पण मला ते सुखद वाटले आणि मी वेग वाढवला. सोबतच्या मुलाने माझे बोलणे अडखळते आहे हे ओळखून मला सावलीत बसवले, डोक्यावर पाणी ओतले आणि घरी कळवण्यासाठी खिशातली चिठ्ठी काढली. त्या चिठ्ठीवर मी नाव, रक्तगट आणि मुलीचा नंबर शाईने लिहिला होता. घामाने सगळे विरघळून कागदावर निळा डाग तेवढा उरला होता. दुसऱ्याच दिवशी मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन नवीन कार्ड लॅमिनेट करून घेतले.