सल्ला हवा: अथीना, मोटिफ की एक्सव्ह्यू? साधा फाइल व्ह्यूअर करायचा आहे

खिडकीवाला
लिनक्सवर एक्स११ (खिडक्या दाखवणारी प्रणाली) साठी सी भाषेत छोटा फाइल व्ह्यूअर लिहायचा आहे. डावीकडे फोल्डरमधल्या फाइलींची यादी, उजवीकडे निवडलेल्या फाइलीचा मजकूर, वर एक बंद करायचं बटण. संपादन नको. जीटीके-क्यूटी सुचवू नका, १९९० च्या आसपासच्या टूलकिटमध्येच (खिडक्या-बटणांच्या तयार लायब्ररीत) करून बघायचंय. कुठलं घ्यावं? मराठी फाइली दिसल्या तर उत्तमच.

विजेटकर
एक्सव्ह्यू पहिल्यांदा बाद करा. तो कोड ३२ बिटच्या काळातला आहे, ६४ बिटवर पॉइंटर (मेमरीतले पत्ते) कापले जातात.

मोटिफ २०१२ पासून एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. त्यात फाइल निवडायचा तयार डायलॉग मिळतो, पण मजकूर तुम्हालाच वाचून द्यावा लागतो: फाइलीच्या आकारापेक्षा १ बाइट जास्त मेमरी घ्या, वाचा, शेवटी शून्य बाइट टाका आणि मग टेक्स्ट विजेटला (विजेट म्हणजे खिडकीतला तयार घटक) द्या.

अथीनाचं आस्कीटेक्स्ट विजेट फाइल स्वतःच उघडतं. 'टाइप' या रिसोर्सला (विजेटच्या सेटिंगला) फाइल, 'एडिटटाइप'ला रीड, आणि 'स्ट्रिंग'मध्ये मजकुराऐवजी फाइलीचं नाव. दुसरी फाइल दाखवायची तर सेट-व्हॅल्यूजने 'स्ट्रिंग' बदला, झालं. नुसत्या व्ह्यूअरसाठी अथीनाच घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण तुम्हाला तेच हवंय असं दिसतं.

एक्सटी_जुना
अथीनाला +१. मांडणीसाठी फॉर्म विजेट वापरू नका. कडा साखळीने बांधल्या नाहीत, तर खिडकी मोठी केल्यावर बटणंसुद्धा त्याच प्रमाणात ताणली जातात. पेन्ड (जागा कप्प्यांत विभागणारं विजेट) घ्या:

बाहेर उभा पेन्ड. त्यात वर बॉक्स (आत कमांड बटण), खाली आडवा पेन्ड. आडव्या पेन्डमध्ये व्ह्यूपोर्ट (स्क्रोल होणारी चौकट, आत लिस्ट) आणि आस्कीटेक्स्ट. बॉक्सला 'शोग्रिप' फॉल्स आणि 'स्किपॲडजस्ट' ट्रू.

मापं दिलीच पाहिजेत. आस्कीटेक्स्टची मूळ रुंदी १०० पिक्सेल आणि उंची जेमतेम एका ओळीची असते, ६००×४०० द्या. व्ह्यूपोर्टला १८०×४०० आणि 'अलाउव्हर्ट' ट्रू. नाहीतर तो आतल्या लिस्टएवढा व्हायला बघतो आणि खिडकी स्क्रीनबाहेर जाते. लिस्ट आपल्या मर्जीने अनेक रकाने करते, म्हणून 'डिफॉल्टकॉलम्स' १ आणि 'फोर्सकॉलम्स' ट्रू.

डेबियनवर लिब-एक्सएडब्ल्यू-७ चं डेव्ह पॅकेज टाका. लिंक करताना क्रम एक्सएडब्ल्यू, एक्सएमयू, एक्सटी, एक्स११ असाच ठेवा.

आता कुठे फसतं ते. लिस्ट तुमच्या नावांची प्रत करत नाही, फक्त पॉइंटर धरून ठेवते. रीडडिरने (फोल्डर वाचणाऱ्या फंक्शनने) दिलेलं नाव थेट दिलंत तर ते पुढच्या वाचनात पुसलं जातं आणि यादीत कचरा दिसतो. प्रत्येक नावाची प्रत स्ट्रडपने करून घ्या आणि ॲरे लोकल ठेवू नका. फोल्डर बदलताना आधी लिस्ट-चेंजने नवी यादी द्या, मगच जुनी मेमरी मोकळी करा. उलटा क्रम म्हणजे क्रॅश.

व्हॅ-क्रिएटसारख्या फंक्शनांत शेवटचा नल (यादी संपल्याची खूण) विसरलात, तरी हाच प्रसाद मिळतो. आणि गेट-व्हॅल्यूजने रुंदी विचारताना इंटचा पत्ता देऊ नका. डायमेन्शन हा अनसाइन्ड शॉर्ट आहे, त्यामुळे वरचे २ बाइट तुमच्याच व्हेरिएबलमधल्या कचऱ्याचे राहतात.

खिडकीवाला
धन्यवाद, सांगाडा उभा राहिला. दोन प्रश्न. यादीत फोल्डर आणि पाइपही येतात, त्यांचं काय करू? आणि खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की टर्मिनलवर एक्सच्या कनेक्शनची एरर येते.

विजेटकर
स्टॅटने प्रकार तपासून फक्त साध्या फाइलींचीच नावं लिस्टला द्या. नेम्ड पाइप (दोन प्रोग्रॅममधली नळी) चुकून उघडला, तर समोरून कोणी लिहायला येईपर्यंत ओपन अडून राहतं आणि अख्खी खिडकी गोठते. कॉलबॅकमध्ये (निवड झाल्यावर चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये) फक्त नाव मिळतं, फोल्डरचा मार्ग तुम्ही जोडायचा. वाचायची परवानगी ॲक्सेसने आधीच तपासा, म्हणजे त्रुटीचा संदेश तुमच्या शब्दांत दाखवता येईल.

फुलीची गोष्ट: विंडो मॅनेजरला 'डब्ल्यूएम डिलीट विंडो' (खिडकी बंद करण्याचा संदेश) तुम्ही हाताळता हे सांगितलं नसेल, तर तो सरळ कनेक्शनच तोडतो. रिअलाइझ झाल्यानंतर (त्याआधी विंडोच नसते) सेट-डब्ल्यूएम-प्रोटोकॉल्सने त्या संदेशाचा ॲटम (नावाचा क्रमांक) नोंदवा. मग 'क्विट' नावाची ॲक्शन जोडून वरच्या शेलच्या (सर्वांत बाहेरच्या खिडकीच्या) ट्रान्सलेशनमध्ये (कुठल्या घटनेवर कुठली ॲक्शन, या तक्त्यात) डब्ल्यूएम प्रोटोकॉल्सच्या मेसेजवर ती बसवा. तीच ॲक्शन टेक्स्टमध्ये क्यू कळीवर द्या, स्पेसवर 'नेक्स्ट-पेज' आणि बी-वर 'प्रीव्हियस-पेज'. ओव्हरराइडच वापरा, रिप्लेस केलंत तर कंट्रोल-एसचा शोध वगैरे सगळं जाईल.

स्क्रोलबार बिघडलाय असं समजू नका. अथीनात डावं बटण पुढे नेतं, उजवं मागे, आणि मधल्याने ओढायचं. लॅपटॉपच्या टचपॅडवर वैताग आहे खरा.

देवनागरीप्रेमी
मराठीबद्दल आशा ठेवू नका. 'इंटरनॅशनल' ट्रू करून, आणि ॲप्लिकेशन सुरू करण्याआधी सेट-लँग्वेज-प्रॉक बोलावून, यूटीएफ-८ वाचता येतं. पण एक्सचे मूळ फाँट अक्षर जसं येईल तसं एकेक मांडतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे जाणार नाही, जोडाक्षर होणार नाही, 'स्थिती' सुटी सुटी दिसेल. आकार देण्याचं हे काम पँगो आणि हार्फबझ करतात, म्हणजे पुन्हा जीटीकेकडेच जावं लागेल. बटणावरचं नावही रोमनमध्येच ठेवा.

खिडकीवाला
ठीक, मराठीसाठी वेगळा प्रयोग करेन. शेवटचं: एका फोल्डरमध्ये ५,००० लॉग फाइली आहेत. खालपर्यंत गेलं की यादी विचित्र वागते.

एक्सटी_जुना
एक्सचे को-ऑर्डिनेट १६ बिटचे आहेत, ३२,७६७ पिक्सेलच्या पुढे जागा सांगताच येत नाही. १३ पिक्सेलचा फाँट आणि ओळींमधलं २ पिक्सेल अंतर धरलं, तर २,१८४ नावांतच मर्यादा संपते. व्ह्यूपोर्ट आतली लिस्ट पूर्ण उंचीची एकच विंडो म्हणून बनवतो, म्हणून हे होतं. हजार-हजारच्या तुकड्यांत दाखवा. बॉक्समध्ये मागे-पुढेची दोन कमांड बटणं टाका आणि प्रत्येक क्लिकवर लिस्ट-चेंजला ॲरेचा पुढचा भाग द्या. ॲरे एकच, फक्त सुरुवातीचा पॉइंटर सरकवायचा. लिस्टने दिलेल्या इंडेक्समध्ये ते सरकलेलं अंतर मिळवायला विसरू नका, नाहीतर भलतीच फाइल उघडेल.