मदत हवी आहे: कोरलई ते आग्वाद, एकटीने गाडी चालवत, दीपगृहं बघत

मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून निघून कोकण किनाऱ्याने दीपगृहं बघत गोव्यापर्यंत उतरायचं ठरवतेय. एकटीच आहे. गाडी साधी हॅचबॅक, घाटात चालवायची सवय आहे, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. सुट्टीची ओढाताण नाही.

यादी अशी: कोरलई, हर्णैचा कनकदुर्ग, अंजनवेल, जयगड, रत्नागिरीचा भगवती किल्ला, देवगड, वेंगुर्ला आणि शेवटी आग्वाद. जमलं तर समुद्रातलं खांदेरी बेट.

घोडं अडलंय ते वेळेवर. जिथे चौकशी केली तिथे एकच उत्तर, "चारनंतर या." जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो, म्हणजे दिवसाला जेमतेम दोन-अडीच तास हातात. नकाशावर दोन दीपगृहं कितीही जवळ दिसली तरी मध्ये खाडी असतेच. आणि अंधारात अनोळखी सागरी रस्त्यावर गाडी हाकायची माझी तयारी नाही. मग दिवसाला एकच दीपगृह धरायचं का? मुक्काम दीपगृहाच्या गावात करावा की पुढच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ? वरून खाली येऊ की गोव्यापासून सुरुवात करून वर जाऊ?

आणखी एक. वरती शेवटी लोखंडी शिडी असते म्हणे. ती किती उभी असते? गुडघे कुरकुरतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा (कोटी आपोआप झाली, माफी असावी).

खाडीकाठचा

ताई, दिवसाला एकच धरा. मुक्काम दीपगृहाच्या बाजूच्या गावात आणि खाडी सकाळी ओलांडायची. म्हणजे संध्याकाळी वर गेलात की खाली उतरून पाच-दहा किलोमीटरवर गरम जेवण.

उदाहरणार्थ दाभोळ-धोपावे फेरी सकाळी घ्या, दुपारी गुहागरला टेका, चारला अंजनवेल. दुसऱ्या दिवशी हेदवी, वेळणेश्वर आरामात करून तवसाळहून फेरीबोटीने जयगड. तिथे संध्याकाळ झाली की मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला मुक्काम. याच्या उलट केलंत, म्हणजे दीपगृह उरकून फेरी गाठायला निघालात, तर जीव टांगणीला. दाभोळची फेरी चुकली की चिपळूण फिरून या, बागमांडल्याची चुकली की आंबेत-म्हाप्रळचा वळसा. मोबाईलवरचा नकाशा हे वेळेत धरत नाही. फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारायचं, ऑनलाईन दिसतं त्यावर विसंबू नका.

गाडी बोटीत चढवताना घाबरू नका. ओहोटी असेल तर धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. पहिला गिअर, क्लचवर खेळ नको, आणि समोर जो पोरगा हात हलवत असतो त्याच्याकडेच बघायचं, आरशात नाही. कधी कधी उलटी गाडी उतरवायला सांगतात, तेव्हाही तोच पोरगा.

कुळीथपिठी

देवगडला जायचं ते जानेवारीत? आंब्याला मोहर बघून परत? एप्रिलात जा हो!

सागरगोटा

वरचा प्रतिसाद मनावर घेऊ नका, एप्रिलात चार वाजता किल्ल्यावर चढून बघा म्हणजे कळेल. जानेवारीच बरा. फक्त २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर अलिबाग-मुरुड पट्टा टाळा.

दिशेबद्दल: वरून खाली या. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे तुमच्याच खिडकीशी. शेजारी कोणी नसताना याची किंमत कळते. तोटा एवढाच, फोटोसाठी थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. आरे-वारेला तो ओलांडतातच सगळे, जरा जपून.

शिडीबद्दल: खालून गोल जिना असतो, त्याला कठडा असतो, दमाने चढता येतो. शेवटचा टप्पा मात्र बहुतेक ठिकाणी जहाजातल्यासारखी उभी शिडी आणि वर चौकोनी झडप. चढणं सोपं, उतरताना तोंड शिडीकडे करून उतरा. पाठीवरची पिशवी खाली ठेवा, झडपेत अडकते. नाहीच जमलं तर दिव्याच्या खोलीच्या खाली थांबा, निम्मी मजा तिथेही आहे.

वर गेलात तर भिंग नीट बघा. काचेच्या लोलकांची कडी एकावर एक रचलेली असतात आणि मधला दिवा अगदीच किरकोळ दिसतो. दिवसा त्या खोलीचे पडदे ओढून ठेवतात. कारण विचारलं की कर्मचारी खुलून सांगतात: जे भिंग दिव्याचा उजेड गोळा करून बाहेर फेकतं, तेच भिंग बाहेरचं ऊन आत गोळा करतं, आणि मग आतली वस्तू जळू शकते. काचेला बोट लावू नका, ती पुसण्याचा त्यांना रोजचा व्याप असतो.

आपल्याकडचे मनोरे बुटके का, असं कोरलईला वाटेल. उंची मनोऱ्याची नाही, दिव्याची बघायची. समुद्रसपाटीपासून शंभर मीटरवर दिवा असेल तर तिथलं क्षितिज साधारण ३६ किलोमीटरवर जातं. कोकणात ही उंची डोंगराने आणि किल्ल्याने फुकट दिलीय, म्हणून रत्नागिरी, देवगड, हर्णै सगळीकडे बुरूज आणि दीपगृह एकत्र सापडतात. जयगडचं मात्र निवांत बघा, ते १९३२ चं, ओतीव लोखंडाचं आहे. बांधकामाला दगड सोडून लोखंड, ते खाऱ्या वाऱ्यात, आणि अजून उभं!

धागाकर्ती

खाडीकाठचा, सागरगोटा, मनापासून आभार. उजव्या खिडकीचा मुद्दा ध्यानातच आला नव्हता. वरून खालीच येते.

आता खरी अडचण सांगते. मागच्या खेपेला एका गावात खोली आधी ठरवलेली असूनही दारात "एकट्याच का? मिस्टर मागून येतायत का?" आणि नंतर "आमच्याकडे फॅमिलीलाच देतो." रात्रीचे आठ वाजलेले. यावर काही तोडगा?

माजघर

अगं, फोनवरच पहिलं वाक्य "मी एकटी आहे, जेवण घरचं हवं" असं सांग. नाही म्हणणारा तिथेच नाही म्हणेल. हॉटेलपेक्षा घरगुती ठिकाण घे, जिथे फोन वहिनी किंवा आजी उचलतात तिथे बहुतेक प्रश्नच येत नाही. शाकाहारी की मासे, भाकरी की पोळी, हे आदल्या दिवशी सांगितलं की तू त्यांची पाहुणी झालीस. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, मालगुंड इथे अशी घरं भरपूर. आगाऊ पैसे भरले असतील तर पावती मोबाईलवर ठेव. रोख जवळ असू दे, दीपगृहाचं तिकीट किरकोळ असतं पण सुटे मागतात. आधार कार्डही हवं.

हर्णैला एक सांभाळ: संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, नेमका दीपगृहाच्या वेळेला. कनकदुर्ग बंदराला लागूनच आहे. टेम्पो, बर्फ, टोपल्या, माणसं, गाडी आत नेलीस तर बाहेर निघेपर्यंत दीपगृह बंद. गाडी गावात ठेव आणि चालत जा. आणि केळशी-आंजर्ल्याच्या वाडीतल्या रस्त्यावर समोरून एसटी आली तर मागे तूच घ्यायचंस, ड्रायव्हर घेणार नाही.

खाडीकाठचा

खांदेरीबद्दल राहिलं. थळहून बोट, पण ती भरती-ओहोटी आणि वारा बघून जाते, आणि एकटीसाठी अख्खी बोट करणं परवडत नाही. तिथलं दीपगृह १८६७ चं, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आल्यापासून लोकांची ये-जा वाढलीय, शनिवार-रविवारी एखादा गट मिळून जाईल. म्हणून प्रवास शनिवारी सुरू करा. नाही मिळाला तर त्याच दिवशी कोरलईला जा, गाडी थेट दीपगृहापर्यंत जाते आणि किल्ल्याची वाटही तिथूनच वर चढते.

धागाकर्ती

माजघर, पहिलं वाक्य पाठ केलं.

तर शनिवारी थळ, जमलं तर खांदेरी, नाहीतर कोरलई. पुढे आगरदांड्याहून दिघी, श्रीवर्धनच्या बाजूला मुक्काम, बागमांडल्याहून वेसवी, हर्णै, मग वर सांगितल्याप्रमाणे रत्नागिरीपर्यंत. रत्नागिरीहून पावस, कशेळी, आडिवरे, जैतापूर करत देवगड. आग्वादला किल्ल्यातलं १८६४ चं जुनं आणि बाहेरचं १९७६ चं, दोन्ही बघेन.

आता फक्त देवगड ते वेंगुर्ला उरलं. आचरा, मालवणमार्गे किनाऱ्याने गेलं तर सकाळी निघून चारपर्यंत वेंगुर्ला बंदराच्या टेकडीवर पोचता येतं का, की मध्ये मालवणला एक रात्र टाकावी? त्या पट्ट्यात हल्ली गाडी चालवलेल्या कोणी सांगा.

सागरगोटा

पोचता येतं, पण मालवणला जेवायला थांबलात की नाही पोचत. आणि तुम्ही थांबणारच. रात्र टाका.