पाइप छपरातून जातो ती जागा

चुलीच्या धुराड्यासाठी पत्र्याचा साधा पाइप कवेलूतून (कौलांतून) वर काढला तरी भागतं, असं काही जण म्हणतात. धूर स्वयंपाकघरात कोंडू नये, हे शंभर टक्के मान्य. पण आमच्या यवतमाळकडच्या घरांत कवेलूखाली सागाच्या फाट्या नि बांबू असतात, आणि खरा धोका तिथेच आहे. लाकूड रोज तापत राहिलं की हळूहळू कोळशासारखं होतं आणि मग बऱ्याच कमी उष्णतेलाही पेट घेतं. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं काही झालं नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. एकेरी पत्र्याच्या पाइपाला लाकडापासून सर्व बाजूंनी ४५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण हातभर, मोकळी जागा हवी. छपरात तेवढी मिळत नसेल तर पाइप मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतूनच बाहेर काढा आणि भिंतीला धरून वर न्या. वरचं तोंड आढ्याच्या दोन फूट तरी वर हवं, नाहीतर वारा धूर परत चुलीत ढकलतो.

दुसरं म्हणजे जळण. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) नि तुराटी (तुरीच्या काड्या) भसकन पेटतात, ज्वाळ थेट पाइपात चढते, ठिणग्याही उडतात. एका वेळी थोडंच लावा. शेजारी गोठा नि कुटाराचा (भुशाचा) ढीग असेल तर पाइप त्या अंगाला काढूच नका. पावसाळ्यात ओलं जळण वापरलं की पाइपात काजळी नि डांबरासारखा थर बसतो, तोही पेटतो. म्हणून हा थर साफ करायला खाली वळणापाशी काढता येईल असं झाकण आधीच बसवून घ्या. नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.