उवा गेल्या, तरी गावठी कोंबड्यांचे तुरे फिकेच: सल्ला हवा आहे

माळावरची:
जत तालुक्यातील आमच्या वस्तीवर १४ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. शिवाय धाकट्या दिरांनी हौसेने पाळलेली कबुतरांची सहा जोडपी पडवीतल्या ढाबळीत असतात. महिनाभरात कोंबड्यांचे तुरे फिके पडले, अंडी निम्म्यावर आली आणि दिवस मावळला की आपणहून खुराड्यात शिरणाऱ्या कोंबड्या आता लिंबाच्या फांदीवर चढून बसतात. शेपटीखालची पिसे उलटी करून पाहिली तेव्हा पिवळसर उवा पळताना दिसल्या, म्हणून पशुवैद्यकीय दुकानातील भुकटी बारा दिवसांच्या अंतराने दोनदा चोळली. उवा गेल्या, पण त्यानंतरही हिरवट हगवण लागून दोन तलंगा दगावल्या. शेजारी कुत्र्याच्या गोचिडांवरचा फवारा मारायला सांगतात, सासरे गॅमेक्सिन सुचवतात. काय करावे?

जुना_पशुधन_पर्यवेक्षक:
ताई, भुकटी दोनदा चोळली हे योग्यच केलेत, कारण ती लिखांना मारत नाही आणि लिखांतून आठवड्याभरात नवी पिले बाहेर पडतात. मात्र उवा मुख्यतः कोंडा आणि पिसे खाऊन जगतात. तुरा पांढरा पडावा इतके रक्त त्या पीत नाहीत. खरी खूण तुम्हीच लिहिली आहे: कोंबडी घर सोडून झाडावर जाते, तेव्हा त्रास देणारा अंगावर नसून घरात राहतो. कोरड्या भागात हा बहुधा कोंबड्यांचा मऊ गोचीड असतो. तो दिवसभर भिंतीच्या फटीत आणि लाकडाच्या सालीखाली दडतो, रात्री अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि परत फटीत जातो, त्यामुळे दिवसा पक्षी कितीही तपासला तरी मोठा गोचीड हाती लागत नाही. त्याची पिले मात्र काही दिवस पंखाखाली चिकटून असतात आणि निळसर काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. रात्री दहानंतर विजेरी घेऊन बसायच्या दांड्यांची खालची बाजू पाहा. हा गोचीड स्पायरोकीटोसिस हा रक्तातल्या जंतूंचा आजार पसरवतो. ताप, गुंगी आणि हिरवी हगवण ही त्याची लक्षणे आहेत. पण मानमोडीतही (राणीखेत रोगातही) हगवण हिरवीच असते, म्हणून पुढचा पक्षी आजारी पडताच पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्या. स्पायरोकीटोसिस असेल तर पेनिसिलिनने गुण येतो.

शेतकरी_कवठेमहांकाळ:
फवारा आणि गॅमेक्सिन, दोन्ही नकोत. कुत्र्याच्या फवाऱ्यात बहुधा फिप्रोनिल हे कीटकनाशक असते. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबडीघरातील लाल माइटवर (रक्त पिणाऱ्या बारीक किडीवर) तेच बेकायदा वापरले गेले, ते अंड्यांत उतरले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी हे जुने कीटकनाशक. आपल्याकडे त्यावर १९९७ पासून बंदी आहे, जुन्या डब्यात उरले असले तरी. राखेत आणि धुळीत कोंबड्यांना लोळू द्यावे, उवांवर त्याचा उपयोग होतो. फटीतल्या गोचिडाला मात्र त्याने काही होत नाही.

ढाबळवाला:
कबुतरांची तपासणी वेगळी करावी लागेल. पिसांत चपटी, तपकिरी माशी खेकड्यासारखी आडवी पळत असेल आणि पक्षी हातात धरताच आपल्या बाहीत शिरत असेल, तर ती कबुतरमाशी समजा. ती रक्त पिते आणि कबुतरांना मलेरियासारखा एक रक्तजंतूही देते. तिचे कोष घरट्याच्या काडीकचऱ्यात मोहरीपेक्षा मोठ्या काळ्या दाण्यांसारखे पडलेले असतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी त्यांतून माशी निघते. म्हणून दर पंधरा दिवसांनी काडीकचरा काढून जाळणे हा औषधाहून मोठा उपाय आहे. पंखांच्या पिसांत चिकटलेल्या लांबट उवा मात्र थोड्याफार प्रत्येक ढाबळीत सापडतात. आठवड्यातून दोनदा पसरट घमेल्यात आंघोळीला पाणी ठेवा.

माळावरची:
काल रात्री पाहिले. बाभळीच्या दांडीची साल सुरीने उचकटली तर खाली मसुरीएवढे, राखाडी, चामड्यासारखे गोचीड एकमेकांना चिकटून बसलेले होते. एक चिरडला तर बोटावर काळपट रक्त आले. ढाबळीत माशी दिसली नाही. आता भिंत पाडावी लागेल काय?

जुना_पशुधन_पर्यवेक्षक:
पाडू नका. कोंबड्या चार रात्री डालग्यांखाली दुसरीकडे ठेवा. दांड्या जाळून टाका आणि त्यांच्या जागी साल काढलेल्या, रंधा मारलेल्या दांड्या भिंतीपासून वीतभर दूर बसवा. त्यांचे पाय तेल भरलेल्या डब्यांत उभे करा. फटींत पशुवैद्यांनी दिलेले डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक सांगितलेल्या प्रमाणातच फवारा, वाळल्यावर त्या सिमेंटने बुजवा आणि वरून चुन्याचा हात द्या. अंडी किती दिवस खाऊ नयेत हे त्याच वेळी विचारून घ्या. हा गोचीड वर्षाहून अधिक काळ उपाशी राहू शकतो, त्यामुळे खुराडे रिकामे ठेवून तो मरेल अशी वाट पाहू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विजेरी घेऊन बसा. खुडूक कोंबडी अंड्यांवर असेल तर तिची टोपली सर्वांत आधी हलवा, ती रात्री उठून झाडावर जात नाही.