निशिगंधाला नुसती पानंच, दांडा नाही

प्रश्न
गेल्या वर्षी कुंडीतल्या निशिगंधाला छान दांडे आले होते. संध्याकाळ झाली की वास घरभर. यंदा पात माजलीये, फुलाचा पत्ता नाही. शेणखत भरपूर घालते, पाणी रोज. ऊन सकाळी दहापर्यंतच येतं. कंद संपले का? आणि हायसिंथ, ते थंड हवेतलं कंदाचं फूल, आमच्या उष्ण हवेत जमेल का?

पहिलं उत्तर
ऊन कमी पडतंय. निशिगंधाला सहा तास तरी कडक ऊन हवं.

दुसरं उत्तर
ऊन तर हवंच, पण कुंडी आधी उपडी करा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही; त्याच्या कडेला पिल्लं सुटतात, पुढची फुलं त्यांची. तुमच्या कुंडीत आता पिल्लांची दाटी झाली असणार. माती झाडून एकेक सुटं करा. सुपारीएवढे, टणक, टोकदार तेवढे निवडा आणि वीतभर अंतरावर, दोन इंच खोल लावा. बारके वेगळ्या कुंडीत वाढू द्या, त्यांच्याकडून यंदा फुलाची आशा नको. लावल्यापासून दांडा यायला तीन-चार महिने लागतात.

शेणखत आवरा. नत्र जास्त झालं की पातच माजते. पाणीही वरची माती सुकल्यावरच. रोजच्या पाण्यानं कंद कुजतो. नवे घेणार असाल तर एकेरी पाकळ्यांचे घ्या. दुहेरी दिसतात भरगच्च, पण वासात एकेरीची सर नाही.

हायसिंथच्या नादी लागू नका, असं माझं मत. त्याला फुलायच्या आधी दहा-बारा आठवडे थंडी लागते, म्हणजे तेवढे दिवस फ्रिजमध्ये, तेही पिकत्या फळांपासून लांब, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. एवढं करून फूल एकदाच, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हौसच असेल तर करा बापडे!

तुमची दहापर्यंतच्या उन्हाची जागा सोनटक्क्याला उत्तम. आल्याच्या कुळातला, ओल आवडणारा. कुंडी मात्र रुंद घ्या, गड्डे आडवे पसरतात. फुलून गेलेली काठी बुंध्यातून कापायची.

प्रश्नकर्ती
उपडी केली. मुठीएवढ्या गठ्ठ्यात नुसती बारकी पिल्लं, मोठे जेमतेम चार. मधला जुना कंद पोकळ, बोटानं दाबला तर चेपला. चार गच्चीवर उन्हात लावते. सोनटक्का गड्ड्यावरून लावायचा की रोप आणू?

दुसरं उत्तर
गड्डाच. डोळा वर ठेवून, मातीत जेमतेम झाकला जाईल इतकाच.