खान्देशात लाँचपॅड का नको?

भाऊ, वर तुम्ही विचारलं की शिरपूर-शहादाकडे एवढी मोकळी जागा आहे, तिथून रॉकेट का नाही सोडत. जागा आहे हो, पण रॉकेटचे रिकामे टप्पे खाली पडतात ना! पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तिचा वेग फुकट मिळावा म्हणून रॉकेट शक्यतो पूर्वेला सोडतात. धुळे-जळगावकडून तसं सोडलं तर ते पडणार विदर्भातल्या गावांवर, म्हणून तर श्रीहरिकोटा, पूर्वेला सरळ बंगालचा उपसागर. इस्रायलला पूर्वेला समुद्रच नाही तर ते पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट, पश्चिमेला सोडतात आणि नेता येणाऱ्या वजनात मार खातात. रशिया वापरतो ते बायकोनूर प्रक्षेपण केंद्र कझाकस्तानच्या ओसाड माळावर आहे म्हणून जमतं, तरी विषुववृत्तापासून लांब, ४६ अंश अक्षांशावर असल्याने फिरण्याचा फुकट वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास, आपल्याला साडेचारशे. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातलं कुरू केंद्र सगळ्यात भारी, ५ अंशावर आणि पुढे अटलांटिक.

पण ध्रुवीय कक्षेसाठी (उत्तर-दक्षिण, दोन्ही ध्रुवांवरून जाणारी) मात्र आपलं अवघड होतं, दक्षिणेला श्रीलंका येते त्यामुळे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटला आधी आग्नेयेला जाऊन मग वळावं लागतं आणि त्यात इंधन जातं, छोट्या रॉकेटला तर हे परवडतच नाही. म्हणूनच तामिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवीन केंद्र होतंय, २०२४ मध्ये पायाभरणी झाली, तिथून थेट दक्षिणेला मोकळा समुद्र आहे. मला तर त्याचीच जास्त उत्सुकता आहे!