बिहारपेक्षा केरळचा मृत्युदर जास्त कसा? बारावीच्या वर्गासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गात एका ज्युनियर कॉलेजात बारावीला भूगोल शिकवते. सध्या लोकसंख्या संक्रमणाचा धडा चालू आहे, म्हणजे देश मागास असतो तेव्हा जन्म पण भरपूर आणि मृत्यू पण भरपूर, मग औषधपाणी सुधारलं की आधी मृत्युदर पडतो, जन्मदर तसाच राहतो म्हणून लोकसंख्या भराभर वाढते, आणि मग हळूहळू जन्मदर पण खाली येतो. फळ्यावर दोन रेषा काढल्या, भारताचे आकडे घातले: 1911 ते 1921 या दशकात हजारी साधारण 48 जन्म आणि 47 मृत्यू (1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ त्यातच आली), 1941 ते 51 मध्ये 40 आणि 27, आणि 2019 ला जवळपास 20 आणि 6. जन्मदर इतका उशिरा का पडतो ते समजवायला माझ्या आजीचंच उदाहरण दिलं. तिची नऊ बाळंतपणं झाली, जगली चार. आईला आम्ही तिघं, तिघंही जगलो, तरी आजी शेवटपर्यंत म्हणायची की अजून एक असूदे गो, काय सांगता येतं. पोर जगतं हा भरवसा बसायला एक अख्खी पिढी जाते. इथपर्यंत वर्ग एकदम शांत ऐकत होता.

मग एका मुलीने मोबाईलवर एसआरएसचे (जन्म-मृत्यूच्या सरकारी नमुना नोंदणीचे) 2019 चे आकडे काढले आणि मला दाखवले. बिहारचा मृत्युदर 5.5, केरळचा 7.1. मॅडम, केरळात तर दवाखाने चांगले ना, मग तिथे जास्त माणसं मरतात कशी? मी वयोवृद्ध जास्त असं काहीतरी सांगितलं पण खरं सांगते, मला स्वतःलाच ते नीट मांडता आलं नाही आणि तिचं समाधान झालं नाही हे तोंडावर दिसत होतं.

वर तिने आमच्या ग्रामपंचायतीचं रजिस्टर बघितलेलं, वर्षभरात मृत्यू खूप आणि जन्म अगदी मोजके. जपानमध्ये पण जन्मापेक्षा मृत्यू जास्त आणि ते शेवटच्या टप्प्यात, "मगे आमचो गाव जपानासारखो पुढारलो काय?" अख्खा वर्ग हसला पण प्रश्न अगदी बरोबर आहे. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली आहे हे तर जनगणनेतच आहे. सोमवारी तास आहे, तिला उत्तर द्यायचंय आणि नीट द्यायचंय. जाणकारांनी कृपया मदत करा.

प्रतिसाद:
ताई, विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी द्या. फळ्यावर दोन गावं काढा, दोन्ही हजार वस्तीची. पहिल्या गावात 300 म्हातारी माणसं, दुसऱ्यात फक्त 80. पहिल्यात सोयी चांगल्या, म्हणून वर्षाला म्हाताऱ्यांत हजारी 40 जातात आणि बाकीच्यांत हजारी 2. दुसऱ्यात सोयी वाईट, तिथे 60 आणि 4. आता पोरांनाच गुणाकार करू दे. पहिल्या गावात 12 अधिक 1.4 म्हणजे 13.4, दुसऱ्यात 4.8 अधिक 3.7 म्हणजे 8.5. प्रत्येक वयात दुसऱ्या गावात मरण जास्त आणि तरी एकूण मृत्युदर कमी! केरळ-बिहारचं नेमकं हेच आहे. केरळात जन्मदर फार आधी पडला म्हणून पोरं कमी, ज्येष्ठ जास्त. सोयी बघायच्या तर बालमृत्युदर (वर्षाच्या आत दगावणारी बाळं) बघा, त्याच 2019 ला केरळ 6 आणि बिहार 29, हजार जिवंत जन्मांमागे. हा आकडा बघितल्यावर शंका राहणार नाही.

गावाचं म्हणाल तर लोकसंख्या संक्रमणाच्या त्या आराखड्यात स्थलांतर धरलेलंच नाही. तरणी माणसं मुंबईला गेली की गावात म्हातारी उरतात, जन्म मुंबईत होतात आणि मृत्यू गावात. आणि रजिस्टरवर फार विसंबू नका. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते, घर कुठलं यावर नाही. वाडीतली बाई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली की नोंद तिकडे. म्हाताऱ्या माणसाने मात्र घरीच डोळे मिटले तर नोंद गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, ते तर अजून तिसरीकडेच.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा, दोन गावांचं गणित सोमवारी केलं आणि पोरांनी स्वतः सोडवलं, 13.4 आलं तेव्हा मागच्या बाकावरून "चुकलं, परत कर" असा आवाज आला, परत केलं तरी तेवढंच! त्या मुलीने घरी जाऊन भाच्याचा दाखला काढून आणला, वाढतोय तो आमच्याच वाडीत आणि दाखल्यावर नोंद कुडाळची. आता घरोघर जाऊन विचारायचं ठरवलंय, गेल्या वर्षात घरात कोण जन्मलं, कुठे जन्मलं, कोण गेलं, किती वयाचं होतं. ज्यांनी असा सर्व्हे केलाय त्यांनी एवढं सांगा, चाकरमानी गणपतीत येतात त्यांना घरात धरायचं की नाही? रेशनकार्डावर नाव इथलंच असतं म्हणून अडलोय.